पावसातली कार रेस, उशिरा आलेली ताडपत्री आणि माझी चूक



या आठवड्याचा व्हिडिओ बघितला असेल तर विषय माहीत आहे. बघितला नसेल तरी चालेल. सात मिनिटांच्या व्हिडिओत जे बसलं नाही ते इथे लिहितोय. व्हिडिओखाली एका भावाने कमेंट टाकली होती, "सर, इंदापुरात बसून अमेरिकेतल्या गाड्यांच्या रेसचं काय सांगताय?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर जरा लांब आहे, आणि त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगतो.

२६ मेची सकाळ

यंदाचा मे महिना कोणी विसरणार नाही. २४ मे २०२५ ला मान्सून केरळात आला, २५ ला महाराष्ट्रात, २६ ला मुंबईत. मुंबईत तो साधारण ११ जूनला येतो, म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त लवकर. आपल्याकडे तर २५ तारखेच्या रविवारी आभाळच फाटलं. बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. शेतात पाणी, घरात पाणी. ज्यांचा कांदा वावरात उघड्यावर पडला होता आणि कडबा झाकायचा राहिला होता, त्यांचे हाल तुम्ही पाहिलेतच.

सोमवारी सकाळी सात वाजता माझ्या दुकानासमोर पंधरा-वीस माणसं उभी होती. सगळ्यांना एकच पाहिजे होतं, ताडपत्री. माझ्याकडे मागच्या वर्षीच्या अकरा शिल्लक होत्या. वीस मिनिटांत संपल्या. नंतर येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच वाक्य सांगत होतो, "माल दोन तारखेला येतोय." एक म्हातारे शेतकरी नुसते हसले आणि म्हणाले, "दोन तारखेपर्यंत कांदा थांबतोय व्हय?" आणि गेले.

दोन जूनला माल आला. चार लाख वीस हजारांचा. तोपर्यंत ज्याला घ्यायची त्याने कुठून तरी मिळेल त्या भावात ताडपत्री घेतली होती. आज जुलै संपत आलाय आणि त्यातला दीड लाखाचाही माल खपलेला नाही. बाकीचा गोडाऊनमध्ये पडून आहे. होलसेलरची तीस दिवसांची उधारी मात्र तीस दिवसांनीच भरावी लागली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्याच सोमवारी दुपारी आपल्या बारामतीच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. निमगाव केतकीच्या बाजूला त्यांचं छोटं दुकान आहे. आवाज चढलेला नव्हता. शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या सीझन शीटमध्ये पावसाळी मालासाठी एक जून लिहिलंय. मी तसंच केलं. आज गिऱ्हाईक परत पाठवतेय."

मंडळी, माझं नुकसान मी सोसलं असतं. पण दुसऱ्याचं दुकान माझ्या शीटवर चालतंय, ही जाणीव त्या दिवशी पहिल्यांदा नीट झाली.

त्या रात्री मी काय बघितलं

रात्री झोप येईना. लाईट जात-येत होती. मोबाईलमध्ये मेव्हण्याने मागे कधीतरी पाठवलेली यूट्यूबची लिंक सापडली. मेव्हणा शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. जुलै २०२३ मध्ये तो ही रेस बघायला प्रत्यक्ष गेला होता. दोन दिवसांचं सगळ्यात स्वस्त तिकीट २६९ डॉलरचं. तिथून त्याने व्हॉइस मेसेज पाठवला होता, "दाजी, गाडी दिसतच नाहीये, नुसता पाण्याचा फवारा दिसतोय. पायात बुटं भिजून गच्च झालीत. पण उठवत नाही राव." तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. त्या रात्री मात्र अख्खी रेस बघितली.

थोडं समजावून सांगतो. याला म्हणतात स्टॉक कार रेस. स्टॉक हा शब्द आपल्याला वेगळा सांगायला नको. सुरुवातीला लोक शोरूममध्ये विकायला ठेवलेली साधी गाडीच रेसला घेऊन यायचे, म्हणून हे नाव. आजच्या गाड्या आतून पूर्ण रेसच्याच असतात, फक्त बाहेरून कॅमरी, मस्टँग, कमॅरोसारख्या दिसतात. त्यांची संस्था म्हणजे नॅसकार, १९४८ पासूनची. या रेस बहुतेक करून गोल ट्रॅकवर होतात. पण २०२३ मध्ये, म्हणजे ७५ व्या वर्षी, त्यांनी पहिल्यांदाच आपली मुख्य मालिका शहराच्या रस्त्यावर आणली. शिकागोच्या ग्रँट पार्कभोवतीचे रोजच्या वाहतुकीचे रस्ते बंद केले, कडेने काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या आणि १२ वळणांचा २.२ मैलांचा, म्हणजे साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक तयार केला.

आणि नेमका त्याच शनिवार-रविवारी धो धो पाऊस. शहराच्या पश्चिम भागात घरांच्या तळघरात पाणी शिरलं. शनिवारी दुसऱ्या दर्जाची रेस होती, ५५ फेऱ्यांची. २५ फेऱ्या झाल्या आणि वीज कडाडायला लागली म्हणून थांबवली. रविवारी ती पुढे सुरूच करता आली नाही. थांबली तेव्हा जो पुढे होता, कोल कस्टर, त्याला विजेता जाहीर केलं.

रविवारची मुख्य रेस १०० फेऱ्यांची. तीही दीड तास उशिरा सुरू झाली. आपण दुचाकीवर असतो तेव्हा पहिल्या पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक कसं सरकतं, आठवा. इथे दीड टनाच्या आसपासच्या गाड्या तशाच रस्त्यावर. कुठे डांबर, कुठे काँक्रीट, मध्येच पांढरा पट्टा. चुकलात तर बाजूला माती नाही, सरळ भिंत. दुसऱ्याच फेरीत काइल बुशसारखा नावाजलेला ड्रायव्हर टायरच्या ढिगाऱ्यात घुसला. पुढे एका वळणावर एक गाडी आडवी झाली आणि मागून येणाऱ्या डझनभर गाड्या तिथेच अडकल्या. सणाच्या दिवशी बाजारपेठेत ट्रॅफिक जाम होतो ना, अगदी तसंच. जगातले मोठे मोठे ड्रायव्हर आणि हॉर्न वाजवायचीसुद्धा सोय नाही!

मी हसत होतो. मग एक गोष्ट घडली आणि उठून बसलो.

शंभराच्या पंच्याहत्तर

रेस अर्ध्याच्या जवळ आली तेव्हा आयोजकांनी जाहीर केलं की अंधार पडतोय, १०० नाही, ७५ फेऱ्याच होतील. आता या रेसमध्ये मधेच थांबून टायर बदलावे लागतात, पेट्रोल भरावं लागतं. कधी थांबायचं याचं गणित प्रत्येक टीम आधीच करून ठेवते. शंभर फेऱ्यांचं गणित धरून जे नुकतेच थांबून आले होते ते एकदम मागे पडले. ज्यांचं गणित वेगळं होतं, जस्टिन हेलीसारखे, ते पुढे निघाले. तोपर्यंत सगळ्यात जास्त फेऱ्या पुढे राहिलेला ख्रिस्तोफर बेल मागे गेला. आणि शेन व्हॅन गिस्बर्गेन नावाचा न्यूझीलंडचा एक ड्रायव्हर, जो सुरुवातीपासून पहिल्या काहींत होता, तो पार अठराव्या नंबरवर फेकला गेला.

बघा, यांनी गाडी चुकीची चालवली नव्हती. गणितही शंभर फेऱ्यांसाठी बरोबर होतं. शर्यतच छोटी झाली.

हे बघताना मला माझी शीट दिसत होती. "पावसाळी माल: १ जून." गेली सहा वर्षं बरोबर आलेलं गणित. यंदा सीझनच पंधरा दिवस आधी सुरू झाला आणि पंधरा दिवस आधी संपलाही.

आता स्वतःला माफ करायला हे कारण मस्त होतं. "निसर्गापुढे कोणाचं चालतं?" असं म्हणून झोपता आलं असतं. पण पुढचा विचार आला आणि झोप पुन्हा उडाली.

शहराच्या त्या रस्त्यावर रेससाठीचे दिवे नव्हते. सूर्य साडेआठच्या सुमारास मावळणार हे पंचांगात लिहिलेलं असतं. रेस दीड तास उशिरा सुरू झाली हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. म्हणजे शंभर फेऱ्या पुऱ्या होणं अवघड आहे हे घड्याळ सांगत होतं. घोषणा नंतर झाली, पण खूण आधीपासून समोर होती.

आणि माझ्याकडे? हवामान खात्याने १० मे रोजीच सांगितलं होतं की यंदा मान्सून २७ मेच्या आसपास केरळात येईल, म्हणजे नेहमीच्या १ जूनपेक्षा आधी. मी ती बातमी मोबाईलवर वाचली होती. बायकोला म्हणालोही होतो, "यंदा पाऊस लवकर आहे बरं का." आणि दुकानात जाऊन ऑर्डर मात्र दोन जूनचीच ठेवली. का? कारण दरवर्षी तीच असते. बातमी एका खिशात आणि ऑर्डर वही दुसऱ्या खिशात. दोन्हींची गाठ घालून दिली नाही, ही माझी चूक. पावसाची नाही.

"रिस्क घ्या" म्हणणाऱ्यांना माझा विरोध का आहे

रेसचा शेवट सांगतो. अठराव्या नंबरवरून व्हॅन गिस्बर्गेनने एकेक गाडी मागे टाकायला सुरुवात केली. रस्ता कुठे ओला, कुठे वाळत आलेला. शेवटच्या काही फेऱ्यांत त्याने हेलीला गाठलं आणि मागे टाकलं. परत एक अपघात झाला, रेस वाढून ७८ फेऱ्यांवर गेली, तरी त्याने पुढची जागा सोडली नाही. नॅसकारच्या मुख्य मालिकेतली ही त्याची पहिलीच रेस होती. पहिल्याच रेसमध्ये जिंकणारा त्याच्या आधीचा माणूस होता १९६३ मधला, जॉनी रदरफोर्ड. साठ वर्षांनी असं घडलं. अमेरिकेत सुमारे ४८ लाख लोकांनी ती रेस टीव्हीवर बघितली.

आता यावर रील कशी बनते, तुम्हाला माहीत आहे. मागे ढोल-ताशाचं म्युझिक आणि वर लिहिलेलं असतं, "नवखा माणूस, पहिला दिवस, भर पाऊस, तरी जिंकला! हिंमत करा! रिस्क घ्या!" आमच्या ट्रेनर लोकांच्या धंद्यात हेच वाक्य सगळ्यात जास्त खपतं. मीही विकलंय, खोटं कशाला बोलू.

पण हे खरं नाही. हा माणूस नवखा नव्हता. ऑस्ट्रेलियातली सुपरकार्स मालिका तो तीन वेळा जिंकून आला होता, २०१६, २०२१ आणि २०२२. ती मालिका कित्येक वर्षं शहरांच्या रस्त्यांवर, काँक्रीटच्या भिंतींमधूनच चालते. पाऊस असला तरी चालते. शिकागोत त्याच्यासाठी नवीन काय होतं? संस्था नवीन, शहर नवीन, स्टिअरिंग उजवीकडचं डावीकडे आलेलं. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक कुठे मारायचा हे त्याचे पाय दहा-पंधरा वर्षं शिकलेले होते. बाकीच्यांचं आयुष्य गोल ट्रॅकवर गेलं होतं, आणि गोल ट्रॅकवर पाऊस आला की रेस थांबवतात.

म्हणजे त्या दिवशी सगळ्यात कमी रिस्क कोणाची होती? त्याचीच!

याची दुसरी बाजूही बघा. तो आता नॅसकारमध्ये पूर्णवेळ आलाय. २०२५ मध्ये त्याने मेक्सिको सिटी जिंकली, ६ जुलैला परत शिकागो जिंकली, पुढच्या आठवड्यात सोनोमा जिंकली. तिन्ही वळणावळणाचे ट्रॅक. गोल ट्रॅकवर मात्र तोच माणूस साधारणच असतो, बऱ्याचदा पार मागे. हिंमतीनेच सगळं होत असतं तर तिथेही जिंकला असता ना? हिंमत तर तीच आहे.

माझं मत सरळ आहे. ज्या दुकानदाराकडे दोन महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला नाही, त्याला "रिस्क घे" सांगणं म्हणजे गुळगुळीत टायरवर पावसात सोडणं. ट्रेनरचं काय जातं? तो पुढच्या बॅचला निघून जातो. भिंतीवर आदळतो तो दुकानदार, आणि त्या गाडीत त्याच्या घरातलं सोनं गहाण ठेवलेलं असतं.

आणि थांबणं हाही निर्णय असतो. चेन्नईत शहराच्या रस्त्यावरची रेस डिसेंबर २०२३ मध्ये होणार होती. मिचाँग वादळाने शहर पाण्याखाली गेलं. रेस पुढे ढकलली आणि ३१ ऑगस्ट-१ सप्टेंबर २०२४ ला रात्रीच्या दिव्यांखाली घेतली. तयारीचा खर्च झालेला असताना, नाव गाजलेलं असताना थांबायलाही दम लागतो. त्यावर कोणी रील बनवत नाही.

निमगावच्या ताईंनी काय केलं

दुसऱ्या दिवशी मी ताईंना फोन केला आणि माफी मागितली. म्हणालो, "ताई, तारीख मी दिली होती, चूक माझी आहे. तुमच्याकडचा पडून राहणारा माल मी परत घेतो." त्या म्हणाल्या, "माल राहू द्या सर. पालखी यायचीय अजून."

मला आधी कळलंच नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत निमगाव केतकीला मुक्कामी येते आणि मग इंदापूरला. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण. त्या दिवसांत आपला रस्ता बाकी वाहतुकीला बंद असतो. माझ्यासारखे दुकानदार म्हणतात, "पालखीत धंदा नाही, रस्ता बंद." ताई लहानपणापासून त्याच रस्त्यावर दाराशी उभ्या राहून पालखी बघत आल्यात. वारकऱ्याला काय लागतं हे त्यांना शीट बघून ठरवावं लागत नाही.

त्यांनी मोठ्या ताडपत्र्या बाजूला ठेवल्या. शेवाळी रंगाचा प्लॅस्टिकचा कागद मीटरवर आणला आणि डोक्यावरून पाठीपर्यंत येईल एवढे तुकडे कापले. तीस रुपयांना एक. सोबत सेफ्टी पिना, चपलांचे अंगठे, मोबाईल ठेवायच्या झिपच्या पिशव्या. आणि दुकानाच्या पुढे पाण्याचा पिंप, फुकट. राहिलेल्या ताडपत्र्यांतल्या दहा-बारा दिंड्यांच्या ट्रकवाल्यांनी घेतल्या, कारण रात्री सरी येत होत्या. सगळं नुकसान भरून निघालं का? नाही. निम्म्याच्या आसपास निघालं, त्यांनीच वही दाखवली. पण माझं दहा टक्केसुद्धा निघालं नव्हतं, आणि ट्रेनर मी होतो.

अठराव्या नंबरवरून पुढे येणं म्हणजे काय, ते मला यूट्यूबपेक्षा त्या वहीत जास्त कळलं. ताईंनी धाडस केलं असं मी म्हणणार नाही. तीस रुपयांच्या तुकड्यात कसलं धाडस? त्या आपल्या ओळखीच्या रस्त्यावर उतरल्या, एवढंच.

योगायोग बघा, २०२५ मध्ये ६ जुलैला आषाढी एकादशी होती आणि त्याच तारखेला शिकागोची रेस. कराराप्रमाणे तिथलं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष होतं. २०२६ मध्ये शिकागोत रेस नाही असं तेव्हा जाहीर झालं. तिथल्या रहिवाशांची आणि दुकानदारांची पहिल्या वर्षापासून तक्रार होती की रेस दोन दिवसांची आणि रस्ते कित्येक दिवस अडतात. बंद रस्त्यावर सगळ्यांचाच धंदा होतो असं नाही, हेही लक्षात ठेवा. रस्त्यावर कोण येणार आहे आणि त्याला काय लागतं, हे माहीत असलेल्याचा होतो.

मी शीटमध्ये काय बदललं

उपदेश नको, केलेलं काम सांगतो. पाहिजे तर कॉपी करा.

१. तारीख खोडली, खूण लिहिली. "१ जून" ऐवजी आता लिहिलंय: हवामान खात्याचा मान्सूनचा अंदाज मेच्या मध्यापर्यंत येतो. तो आला की त्याच दिवशी होलसेलरला फोन. अंदाज लवकरचा असेल तर ऑर्डर लवकर.

२. ऑर्डर तीन तुकड्यांत. पहिला ३० टक्के माल १५ मेपर्यंत दुकानात पाहिजेच, भाव दोन-पाच टक्के जास्त पडला तरी. दुसरा तुकडा पहिला मोठा पाऊस झाल्यावर. तिसरा फक्त मागणी असेल तर.

३. "सीझन छोटा झाला तर?" हा रकाना. प्रत्येक सीझनच्या मालापुढे लिहायचं की पंधरा दिवस कमी मिळाले तर किती माल अडकेल, आणि तो दुसऱ्या कोणत्या गिऱ्हाइकाला जाईल. उत्तर नसेल तर ऑर्डर कमी करायची.

४. कोरड्या दिवसात ओल्याचा सराव. महिन्यातून एक दिवस गल्ल्यावर बसून विचार करायचा: उद्या दुकान चार दिवस बंद राहिलं तर? होलसेलरचा ट्रक आला नाही तर? लाईट गेली, ऑनलाइन पेमेंट बंद पडलं तर सुट्टे आहेत का? माझ्याकडे २६ मेला नव्हते.

५. ही माझ्यासाठी. शीटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: "ही तारीख इंदापूरच्या एका दुकानाची आहे. तुमचा रस्ता तुम्ही बघा."

जुन्या शीटची लिंक मी काढून टाकलीय. ज्यांनी ती वापरून यंदा मार खाल्ला असेल त्यांनी फोन करा, शिव्या द्या, हरकत नाही. तुमचा कोणता माल अडकलाय ते सांगा. शनिवारी बारामतीच्या बॅचमध्ये दोन तास फक्त त्यावर बसू. फी नाही. चहा तुमच्याकडून नाही, माझ्याकडून.

आणि कोणाला ताडपत्री पाहिजे असेल तर सांगा राव. माझ्याकडे भरपूर आहेत.

भेटू पुढच्या व्हिडिओत.